पासो ओंदोचं बासष्टावं मिनिट

प्रत्येक सामना कधी ना कधी संपतो, आणि तो संपला की माणसाला घरी जावं लागतं. जगातल्या इतर शहरांना ही गोष्ट सामना संपल्यावर कळते. पासो ओंदोला ती आधीच कळलेली आहे. या दूरदृष्टीबद्दल शहराचं करावं तितकं कौतुक थोडंच.

पासो ओंदो सीमेवर आहे. निम्मं शहर नदीच्या अलीकडे आणि निम्मं पलीकडे. (पलीकडचं निम्मं दुसऱ्या देशात आहे, पण एवढं कोण मनाला लावून घेतो.) लोक नोकरीला पलीकडे जातात, दात काढायला अलीकडे येतात. पोरं शिकतात पलीकडे आणि आजीच्या हातचं खायला येतात अलीकडे. फुटबॉल मात्र अलीकडेच पाहावा लागतो, कारण पलीकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो हाताने खेळतात. मधे एक जुना पूल आहे, आणि पुलावर गाड्यांची रांग आहे. इथे माणूस भेटला की ‘कसं काय’ म्हणून विचारत नाहीत. ‘किती लागला?’ म्हणून विचारतात. उत्तर तासांत येतं आणि त्यावरून तब्येत समजते.

शहराचा क्लब पहिल्या विभागात खेळतो. बोधचिन्हावर पळणारा ससा आहे, म्हणून समर्थकांना ‘ससे’ म्हणतात. (हे नाव क्लबच्या स्थापनेपासून आहे, प्रेक्षकांच्या वागणुकीवरून ते पडलं हा विरोधकांचा कुजकट प्रचार आहे.) मैदानात सोळा हजार माणसं बसतात, त्यातली अकरा हजार पलीकडून येतात. आता हिशेब साधा आहे. शेवटची शिट्टी ऐकून निघालात तर पुलावर तीन तास. थोडं आधी निघालात तर चाळीस मिनिटं. जुन्या दप्तरानुसार पूर्वी लोक पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठत. मग सगळेच पंच्याऐंशीला उठतात म्हटल्यावर शहाणी माणसं ऐंशीला उठू लागली. त्यांच्याहून शहाणी पंचाहत्तरला. या गतीने शहाणपण वाढत गेलं असतं तर लोक यायच्या आधीच निघाले असते. म्हणून आठ वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेने नियम क्रमांक चौदा संमत केला: ‘सभ्यतेच्या दृष्टीने कोणाही प्रेक्षकाने बासष्टाव्या मिनिटाआधी जाऊ नये.’ तो आजतागायत काटेकोरपणे पाळला जातो. नियम पाळण्यात हे शहर कोणाला हार जाणार नाही.

या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे क्लबचा पूल-सूचना विभाग. विभागात पुढील गोष्टींचा समावेश होतो: एक मायक्रोफोन, एक फोन, एक उशी आणि तोमासा उर्किदी. शहरात त्यांना तोमासाबाई म्हणतात. पुलावर चुई नावाचा माणूस बुरितो विकतो. तो तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी उभा राहून गाड्या मोजतो आणि एकसष्टाव्या मिनिटाला बाईंना फोन करतो. बाई घसा खाकरतात. मग कर्ण्यांतून आवाज येतो: ‘नागरिकहो, जुना पूल, पंचेचाळीस मिनिटं, तपासणीच्या तीन खिडक्या उघड्या. सावकाश जा, देव तुमच्या पाठीशी असो.’ हाच आवाज क्लबच्या रेडिओवरूनही जातो. गाडीत बसलेल्यांना आपण वेळेत निघालो याचं समाधान मिळावं, हा त्यामागचा हेतू.

एकोणतीस वर्षांत तोमासाबाईंनी एक मिनिट इकडचं तिकडे केलेलं नाही. एकदा चेंडू आपल्या गोलाच्या रेषेवर लोळत होता, पंच शिट्टी तोंडात धरून उभा होता, आणि बाई बोलल्या. गोल झाला की नाही हे कोणालाच कळलं नाही, पण पूल चाळीस मिनिटांचा आहे हे सगळ्यांना नीट ऐकू आलं.

अशा चोख कारभाराचे परिणाम शहरभर दिसतात. सगळ्यात महागडी तिकिटं मैदानाच्या मधोमध नसून चार नंबरच्या दारापाशी आहेत. तिथून कोपऱ्यातलं निशाण दिसतं, बाकी काही दिसत नाही, पण गाडी तीस पावलांवर असते. सन्माननीय पाहुण्यांची सोय त्याहून सरस आहे. ते गाडीतच बसतात, इंजिन चालू ठेवून, आणि मैदानातल्या आरोळीवरून अंदाज बांधतात. खाद्यविक्रेते पंचावन्नाव्या मिनिटाला निघतात, कारण गिऱ्हाईक पुलावर पोचेल तेव्हा आपण तिथे असलं पाहिजे. ज्यांची घरं अलीकडेच आहेत तेही उठतात. एकटं बसून काय करायचं? एक गृहस्थ तर स्टेडियमच्या मागच्या गल्लीत राहतात. ते सवयीने दोनदा पुलाच्या मध्यापर्यंत गेलेले आहेत. वार्ताहर सालदीवार यांचं घर पलीकडे असल्यामुळे त्यांच्या वृत्तान्ताचा शेवट ठरलेला असतो: ‘त्यानंतर सामना पुढे चालू राहिला.’ हे वाक्य आजवर एकदाही चुकीचं ठरलेलं नाही.

क्लबने केलेल्या पाहणीत शंभरातल्या चौऱ्याण्णव सशांनी शेवटची शिट्टी कधीही ऐकलेली नाही असं आढळलं. उरलेल्या सहांपैकी चौघांना त्या दिवशी झोप लागली होती. (दोघांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.)

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना तोमासाबाईंच्या मनात मात्र एक सल होता. त्यांचा मुलगा इलारिओ याच क्लबकडून खेळत असे, आणि तो सत्तराव्या मिनिटाला मैदानात उतरत असे.

इलारिओ छत्तीस वर्षांचा. उमेदीची वर्षं त्याने दक्षिणेकडच्या क्लबांत काढली आणि एकतिसाव्या वर्षी गुडघे घेऊन घरी आला. या पाच हंगामांत तो ब्याण्णव वेळा मैदानात उतरला होता. ब्याण्णवही वेळा बदली म्हणून आणि ब्याण्णवही वेळा सत्तराव्या मिनिटाला. म्हणजे स्वतःच्या गावात त्याला खेळताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. बेकरीत बाई पाव घ्यायला गेल्या की बेकरीवाला आपुलकीने विचारायचा, “मुलगा काय करतो हल्ली?”

“फुटबॉल खेळतो.”

“वा! कुठे?”

बाई पाव पिशवीत टाकायच्या आणि यायच्या. सांगणार काय, तिथेच जिथे तुम्ही दर रविवारी जाता? आणि तो माणूस तिथून उठतो कोणाच्या सांगण्यावरून, हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं. बाप लवकर गेल्यावर याच मायक्रोफोनवर इलारिओ वाढला, त्याला पहिले बूट मिळाले. आणि आता त्याच मायक्रोफोनने त्याची आई दर सामन्याला, तो उठायच्या बरोबर आठ मिनिटं आधी, अख्खं मैदान रिकामं करून ठेवत होती.

हंगामाचा शेवटचा सामना त्याचाही शेवटचा होता. त्या आठवड्यात एका दुपारी तो स्वयंपाकघरात गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता.

“आई, एक विचारू? माणसं असताना मैदान कसं दिसतं गं?”

“कसं म्हणजे? पहिली सत्तर मिनिटं बाकावर बसलेला असतोस ना तू?”

“बाकावर बसलं की माणसं पाठीमागे येतात. मी उठून वळतो तोवर तीही वळलेली असतात.” तो हसला. “एकदा एका बाईने हात हलवला होता. मीपण हलवला. ती नवऱ्याला गाडी काढ म्हणून सांगत होती.”

तोमासाबाईही हसल्या. मग पातेलं घासायला घेतलं आणि घासलेलंच पुन्हा घासत राहिल्या. एवढंच हवं होतं त्यांना: एकदा, फक्त एकदा पोराने मैदानात पाऊल टाकावं आणि समोर माणसं असावीत. टाळ्या वाजाव्यात. जास्त नको.

दुसऱ्या दिवशी त्या प्रशिक्षकाकडे गेल्या. त्याला सगळे प्रोफे म्हणत.

“प्रोफे, रविवारी त्याला पन्नासाव्या मिनिटाला उतरवा की.”

“तोमासाबाई, त्याच्या गुडघ्यात वीस मिनिटं आहेत. पन्नासला उतरवलं तर सत्तरला उचलून आणावा लागेल. शेवटी कोण खेळणार, तुम्ही?”

मग त्या क्लबच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष इंजिनिअर होते आणि लोक त्यांना इंजिनिअरच म्हणत. त्यांचं मन लगेच द्रवलं. त्यांनी इलारिओचा जाहीर सत्कार करण्याचं तत्त्वतः मान्य केलं आणि उपस्थिती सर्वांत चांगली असते अशा ठिकाणी तो ठेवला, म्हणजे वाहनतळावर.

“इंजिनिअरसाहेब, त्या वेळी तो मैदानात खेळत असेल.”

“हो का? मग त्याच्या वतीने तुम्ही घ्या ना शाल.”

तेव्हा बाईंनी ठरवलं की खोटं बोलायचं.

पण खोटं बोलणंही सोपं नव्हतं. कुठला आकडा सांगितला की लोक बसून राहतील? विभागाचा अनुभव याबाबतीत स्पष्ट होता. तीन तास सांगितले की लोक घाबरून धावत सुटत. दहा मिनिटं सांगितली की एवढा मोकळा पूल पुन्हा कधी मिळणार म्हणून धावत सुटत. एका सामन्याला बाईंचा घसा बसला होता आणि काहीच सांगता आलं नव्हतं; तेव्हा त्रेसष्टाव्या मिनिटाला सगळं मैदान धावत सुटलं, कारण सांगत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. आकडा कुठलाही असो, उठण्यासाठी तो पुरेसा होता. तोमासाबाईंनी चार दिवस विचार केला. मग त्यांच्या लक्षात आलं की एकोणतीस वर्षांत एक सूचना त्यांनी कधी दिलीच नव्हती. पूल बंद आहे! बंद पुलावर कोण कशाला जाईल?

रविवार उजाडला. पाहुणा संघ दक्षिणेचा होता. पासो ओंदोला येणारे संघ बासष्ट मिनिटं बचाव करतात आणि शांतता झाली की खेळायला लागतात, त्यामुळे तोवर काहीच घडलं नव्हतं. मैदान खच्चून भरलं होतं. एकसष्टाव्या मिनिटाला फोन वाजला.

“चाळीस मिनिटं, बाई,” चुई म्हणाला. “चार खिडक्या. मस्त आहे आज.”

बाईंनी फोन खाली ठेवला, छातीवर क्रूस काढला आणि मायक्रोफोन उघडला.

“नागरिकहो, जुना पूल बंद आहे. सहा वाजेपर्यंत बंद. देव तुमच्या पाठीशी असो.”

मैदान स्तब्ध झालं. एक, दोन, तीन, चार सेकंद. सोळा हजार माणसं जागेवर. तोमासाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाचव्या सेकंदाला सोळा हजार माणसं उठली.

आपल्याला हे आधी सुचू नये याचं बाईंना पुढे फार वाईट वाटलं, कारण यात न सुचण्यासारखं काय होतं? बंद झालेला पूल कधीतरी उघडणार. उघडेल तेव्हा जो पुढे असेल तो आधी जाणार. तेव्हा आत्ताच गेलं पाहिजे. मैदान सहा मिनिटांत रिकामं झालं, हा आजही क्लबचा विक्रम आहे. एरवी रेंगाळणारेही त्या दिवशी गेले. मागच्या गल्लीतले गृहस्थ तर बायकोलाही घेऊन गेले, कारण बंद पूल तिने कधी पाहिला नव्हता. इतक्या गाड्या एकदम येताना पाहून पुलावरच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अडुसष्टाव्या मिनिटाला पूल बंद केला.

फोन वाजला.

“बाई, बंद झाला!” चुई ओरडत होता. “तुम्हाला आधीच कसं कळलं?”

(विभागाच्या दप्तरात ही सूचना ‘अचूक, सहा मिनिटं आगाऊ’ अशी नोंदलेली आहे. पुढे इंजिनिअरसाहेबांनी त्याबद्दल बाईंना प्रशस्तिपत्रही दिलं.)

सत्तराव्या मिनिटाला इलारिओ उठला. त्याने मोजे वर ओढले, वळला आणि मैदान पाहिलं. त्या वेळी प्रेक्षकांत नऊ जण होते: दोन नन, ज्यांच्या गाडीपुढे दुसऱ्याची गाडी अडकली होती, एक झोपलेला माणूस, त्याला उठवणारा त्याचा भाऊ, आणि पाहुण्यांचे पाच समर्थक, ज्यांना नियम चौदा माहीत नव्हता. तोमासाबाईंनी मायक्रोफोन हातात घेतला. आवाज कापू नये म्हणून उशी पोटाशी घट्ट धरली.

“बदली खेळाडू, क्रमांक एकोणीस. इलारिओ. उर्किदी.”

नाव रिकाम्या बाकड्यांवर आपटून परत आलं. एका ननने हात हलवला. बहुतेक त्यालाच.

मग सामना पुढे चालू राहिला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून कॉर्नर आला, बचाव करणाऱ्याने तो डोक्याने बाहेर टोलवला, आणि चेंडू आला तो थेट इलारिओकडे, पार लांब. पळायला गुडघे नव्हते म्हणून तो तिथेच उभा होता. त्याने चेंडू खाली पडूच दिला नाही. उजव्या पायाने असा काही हाणला की गोलरक्षक हातही न उचलता नुसता बघत राहिला. असा गोल माणसाच्या नशिबात एकदाच असतो आणि बहुतेकांच्या तोही नसतो.

“गोल!” तोमासाबाई ओरडल्या. “इलारिओ उर्किदी! गोल! माझा पोरगा! माझ्या पोराने घातला!” (विभागाला पुलाखेरीज इतर विषयावर बोलण्याची परवानगी नाही. खुलासा मागवण्यात आला होता.) कर्ण्यांतून ते मैदानभर गेलं आणि रेडिओवरून पुलावर गेलं.

आणि पुलाकडून हॉर्न वाजला. एक वाजला, मग दहा, मग सगळे. हजारो गाड्यांचे हॉर्न एकदम, आभाळ फाटल्यासारखे, थांबेचनात. इलारिओ जागीच थांबला. त्याने पुलाच्या दिशेने तोंड केलं, दोन्ही हात वर केले आणि तसाच उभा राहिला. तो इतका वेळ उभा राहिला की पंचाने वेळकाढूपणाबद्दल त्याला पिवळं कार्ड दाखवलं. तेही त्याने वाकून स्वीकारलं.

तोमासाबाई काचेला नाक लावून रडत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

“उघडला, बाई! सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या! रांग सुटली!”

बाईंनी डोळे पुसले.

“कधी उघडला रे?”

“आत्ता. हा काय, आत्ताच. ऐकताय ना हॉर्न?”

“चुई, ते हॉर्न... ते रेडिओ ऐकून वाजवले ना? गोल झाला म्हणून?”

चुईने फोन रांगेच्या दिशेने धरला आणि परत कानाला लावला.

“आता काय सांगू, बाई? हॉर्न आहेत. वाजतायत. मी बुरितो देत होतो.”

सामना क्लबने एक-शून्यने जिंकला. सोमवारच्या वर्तमानपत्रात सालदीवार यांनी शून्य-शून्य लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘त्यानंतर सामना पुढे चालू राहिला.’ पण तोवर गोलाची बातमी गावभर झाली होती, आणि आठवड्याच्या आत तो गोल प्रत्यक्ष पाहिलेल्यांची संख्या नऊवरून साडेपंधरा हजारांवर गेली. बेकरीवाल्याने बाईंना पाव बांधून देता देता सगळं वर्णन करून सांगितलं.

“डाव्या पायाने, बाई! काय डावा पाय आहे पोराचा! मी समोरच होतो.”

“हो,” तोमासाबाई म्हणाल्या. “डावाच चांगला आहे त्याचा.”

इलारिओ मात्र त्या संध्याकाळपासून वेगळाच झाला होता. बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून तो पुन्हा पुन्हा तेच सांगायचा.

“पूल बंद होता म्हणून अडकले गं सगळे. रेडिओ लावून ऐकत बसले असणार. अख्खं गाव!” मग एकदम थांबून त्याने विचारलं, “आई, ते माझ्यासाठीच होते ना?”

“तुझ्यासाठीच रे. आणखी कोणासाठी वाजवणार?”

एकोणतीस वर्षांत पूल-सूचना विभागाने दिलेली ही एकमेव अशी सूचना, जिच्या खरेपणाची विभागाला स्वतःला खात्री नव्हती. ती दप्तरात नोंदलेली नाही.

पण अचूकतेची सवय अशी सुटत नाही. नव्या हंगामाच्या तिकिटांमागे क्लबने प्रेक्षकांसाठी एक प्रश्नावली छापली. दारांची रुंदी, शौचालयं, वाहनतळ वगैरे मिळून अकरा प्रश्न होते. तोमासाबाईंनी इंजिनिअरसाहेबांच्या मागे लागून बारावा घालायला लावला: ‘त्या रविवारी चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आपण हॉर्न वाजवला, तो कशासाठी? (अ) गोल झाला म्हणून. (आ) रांग सुटली म्हणून. (इ) पुढचा वाजवत होता म्हणून.’ चौदा हजार प्रश्नावल्या भरून परत आल्या. बाईंनी त्या एकेक करून स्वतः पाहिल्या, तीन आठवडे. सगळ्या आठव्या प्रश्नापर्यंत भरलेल्या होत्या. आठव्यानंतर एकही नाही. बाराव्याला कोणी पोचलंच नव्हतं.

तुम्ही मात्र इथवर आलात, म्हणून तुम्हाला विचारून ठेवतो. गेल्या वेळी सभागृहात कोणाचं तरी भाषण, गाणं किंवा निरोप संपल्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्या (अ) त्या माणसासाठी होत्या, (आ) संपलं एकदाचं म्हणून होत्या, की (इ) शेजारचा वाजवत होता म्हणून? उत्तर पाठवायची गरज नाही. आणि काळजीही करू नका. तो माणूस घरी गेल्यावर त्याने आईला विचारलंच असेल, आणि तिने सांगितलं असेल, तुझ्यासाठीच रे.